स्पीकर जोडला की सीडब्ल्यू फिल्टर शिट्टी का मारतो?

तक्रार जवळपास नेहमी एकाच साच्यातली असते. सीडब्ल्यूसाठी, म्हणजे रेडिओवरच्या मोर्ससाठी, बांधलेला फिल्टर टेबलावर छान चालतो. इयरफोनवर मोर्स स्वच्छ ऐकू येतं, शेजारचं स्टेशन गायब होतं. मग पुढे एलएम३८६ हा ऑडिओ अँप्लिफायरचा आयसी आणि स्पीकर जोडला, आवाजाचा पॉट निम्म्यावर नेला, की एक सलग शिट्टी सुरू. काही जणांकडे शिट्टीऐवजी फटफटी चालू केल्यासारखा आवाज येतो. आयसी बदलला, बॅटरी नवी घातली, की आठवडाभर सगळं ठीक. त्यानंतर पुन्हा तेच.

‘नवी बॅटरी घातल्यावर काही दिवस ठीक’ हे वाक्य कानावर आलं की माझा संशय फिल्टरवरून उठतो आणि सप्लायवर जातो. बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. स्विचचे आणि फ्यूज होल्डरचे संपर्क काळवंडतात, कोकणातल्या दमट हवेत तर लवकरच. सर्किट पहिल्या दिवसापासून काठावर असतं आणि हा वाढलेला रोध त्याला ढकलतो. म्हणून दोष ‘गेला’ असं वाटतं आणि तो परत येतो.

कोणता फिल्टर, कोणते आकडे

आपल्याकडे हा फिल्टर बांधणारे बरेच जण बिटएक्स वापरतात. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आखलेला हा रिग, म्हणजे हॅम रेडिओचा संच, मुळात एसएसबीसाठी, म्हणजे बोलण्यासाठी आहे, त्यामुळे त्याचा क्रिस्टल फिल्टर बोलण्याला पुरेल इतका रुंद, म्हणजे दोन-अडीच किलोहर्ट्झचा असतो. ४० मीटरवर, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये, संध्याकाळी तेवढ्या रुंदीत तीन-चार सीडब्ल्यू स्टेशनं सहज मावतात. त्यातलं एक वेगळं काढायला ऑडिओ फिल्टर लागतो.

नेहमीची रचना मल्टिपल फीडबॅक बँडपासची, म्हणजे एका सुराभोवतीचा अरुंद पट्टाच पुढे सोडणारी. एका ऑप-अँपला तीन रेझिस्टर आणि दोन सारखे कपॅसिटर. आर१ मधून सिग्नल आत येतो. तो जिथे पोचतो त्या जोडावरून आर२ खाली जातो, एक कपॅसिटर आउटपुटकडे आणि दुसरा मायनस पिनकडे जातो. आर३ आउटपुटपासून मायनस पिनपर्यंत. कपॅसिटर १० नॅनोफॅरड, आर१ १२० किलोओम, आर३ २२० किलोओम आणि आर२ सुमारे २.३८ किलोओम (२.२ किलो आणि १८० ओम एकापुढे एक) धरले तर मध्य ७०२ हर्ट्झवर येतो. क्यू (फिल्टर किती अरुंद ते) ४.८५, रुंदी १४५ हर्ट्झ, गेन (सिग्नल किती पट होतो ते) ०.९ च्या वर. अशा दोन पायऱ्या एकामागे एक लावल्या की रुंदी ९३ हर्ट्झच्या आसपास उतरते. टीएल०७२, ४५५८, एनई५५३२ या ऑप-अँप आयसींच्या पिना सारख्याच असतात, त्यामुळे आठ पिनांच्या एका आयसीत दोन्ही पायऱ्या बसतात.

बारा व्होल्टवर चालवायचं म्हणजे प्लस पिनला सहा व्होल्टचा बायस, म्हणजे सप्लायच्या निम्म्यावर धरलेला स्थिर व्होल्टेज हवा. त्यासाठी १० किलोओमचे दोन रेझिस्टर. घोटाळा इथूनच सुरू होतो.

आर२ चा खालचा पाय

आर२ ज्या जोडाला लागतो त्याला दोन्ही बाजूंनी कपॅसिटर आहेत, म्हणजे ऑप-अँपच्या डीसीशी त्याचा संबंध नाही. मग आर२ चा खालचा पाय खऱ्या ग्राउंडला नेला काय आणि सहा व्होल्टच्या बायसला नेला काय, डीसी व्होल्टेज दोन्हीकडे बरोबरच येतात. ग्राउंडची पट्टी हाताशी असते, म्हणून बहुतेक जण तिथेच डाग देतात. मल्टिमीटरला यात काही गैर दिसत नाही.

एसीचं गणित मात्र वेगळं आहे. आर२ खऱ्या ग्राउंडला असेल तर बायसवर आलेल्या कुठल्याही खळखळीला मध्याच्या वारंवारितेवर मिळणारा गेन असतो एक अधिक आर३ भागिले (दोन गुणिले आर१ आणि आर२ यांचा समांतर रोध). वरचे आकडे घाला, उत्तर ४८ येतं. म्हणजे खऱ्या सिग्नलला ०.९ आणि बायसवरच्या कचऱ्याला ४८. दोन पायऱ्यांना एकच बायस असेल तर ऐन मध्यावर दोन्ही पायऱ्यांतला कचरा बराचसा एकमेकांना कापतो, पण दोन्ही खांद्यांवर, मध्यापासून ७० हर्ट्झच्या आसपास इकडे-तिकडे, तो २३-२४ पट उरतोच. म्हणूनच शिट्टीचा सूर बरेचदा ७०० वर नसून ६३० किंवा ७७० च्या जवळ सापडतो. आर२ च्या जागी प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा रेझिस्टर) असेल आणि तो फिरवला तर शिट्टीही सोबत सरकते. हे दिसलं की फिल्टर फेऱ्यात अडकलाय, म्हणजे पुढचा आवाज फिरून त्याच्यातच परत येतोय, हे पक्कं समजा.

फेरा कसा पूर्ण होतो ते बघा. आठ ओमच्या स्पीकरला एलएम३८६ मोठ्या आवाजात पाव अँपिअरच्या आसपास शिखर प्रवाह देतो. बॅटरी, फ्यूज, स्विच, वायर मिळून सप्लायच्या वाटेत ०.२ ओम रोध धरू. ५० मिलिव्होल्टचा हिसका बसला. बायसला कपॅसिटर नसेल तर त्याचा अर्धा, २५ मिलिव्होल्ट, प्लस पिनवर पोचतो. गुणिले २४, म्हणजे फिल्टरच्या आउटपुटवर ०.६ व्होल्ट. आणि गेन २० वर ठेवलेल्या एलएम३८६ ला तो पाव अँपिअर काढायला इनपुटवर लागतात फक्त ०.१ व्होल्ट. अँटेनाच्या सिग्नलशिवायच सर्किट स्वतःला पोसतं. पॉटमधून सहाव्या हिश्श्याहून जास्त पुढे गेलं की पुरे, आणि ऑडिओसाठी मिळणारा लॉग पॉट निम्म्यावर असताना साधारण त्याच टापूत असतो. फेजचं, म्हणजे परत आलेली लाट मूळ लाटेशी जुळण्याचं काय, असा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारेल. दोन पायऱ्यांच्या फिल्टरमध्ये मध्याच्या अल्याड-पल्याड फेज इतकी फिरते की जुळणारी एखादी वारंवारिता जवळपास मिळतेच.

आता आर२ चा पाय उचलून बायसला लावा. तोच ४८ चा गेन १.९ वर येतो, कारण प्लस पिन आणि आर२ आता एकत्रच हलतात आणि त्यांच्यातला फरक उरत नाही. एका डागाचं काम.

अट एकच आहे. आता आर२ मधून सिग्नलचा प्रवाह बायसमध्ये शिरतो, म्हणून बायस एसीला भक्कम हवा. १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड, आयसीच्या अगदी जवळ. १०० मायक्रोफॅरड ७०० हर्ट्झला जेमतेम अडीच ओमचा अडथळा करतो, २.३८ किलोओमपुढे तो नगण्य. कपॅसिटरच लावला नाही तर आर२ चा हिशेब पार बिघडतो आणि दोन्ही पायऱ्या बायसमधून एकमेकींशी बोलू लागतात.

कपॅसिटर आहे तरी शिट्टी?

नाशिकहून एका मित्राने पाठवलेला बोर्ड समोर आहे म्हणून त्याचंच सांगतो. डॉट बोर्डवर सुबक काम, बायसला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर व्यवस्थित. पण कपॅसिटरची मायनस तंगडी बोर्डाच्या उजव्या कडेला, स्पीकर जॅकच्या ग्राउंडवर टेकवलेली, आणि दोन्ही आर२ डाव्या कडेला इनपुट सॉकेटच्या ग्राउंडवर. या दोन टोकांना जोडणारी वीतभर पातळ काळी वायर, तीही स्पीकरचा परतीचा प्रवाह वाहून नेणारी.

अशा वायरीचा रोध २०-३० मिलिओम भरतो. ३० धरला तर पाव अँपिअरला साडेसात मिलिव्होल्ट. हे साडेसात मिलिव्होल्ट कपॅसिटरमधून थेट प्लस पिनवर येतात, कुठेही निम्मे न होता. गुणिले २४, म्हणजे ०.१८ व्होल्ट. एलएम३८६ ला ०.१ पुरतो हे वर आलंच आहे. कपॅसिटरने इथे कचरा अडवण्याऐवजी आणून पोचवला.

या बोर्डावर दोन्ही आर२ बायसला आणले, कपॅसिटरची मायनस तंगडी ऑप-अँपच्या चौथ्या पिनजवळ नेली, आणि स्पीकरची काळी वायर सोडवून थेट सप्लायच्या मायनस टर्मिनलवर लावली. पॉट शेवटपर्यंत फिरवला, शांत.

याखेरीज ऑप-अँपचा सप्लाय वेगळा गाळून घ्या: २२० ओम एकापुढे आणि त्यानंतर २२० मायक्रोफॅरड ग्राउंडला. बायसचे १० किलोओम या गाळलेल्या सप्लायवरून घ्या, एलएम३८६ च्या सहाव्या पिनवरून नको. टीएल०७२ तीनेक मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे पाऊणएक व्होल्ट पडतो, ते चालतं. ७०० हर्ट्झला ही जोडी सप्लायवरचा हिसका २०० पटीने कमी करते.

आधी सिद्ध करा, मग सोल्डरिंग गन उचला

सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे एलएम३८६ ला दुसऱ्या बॅटरीवर चालवणं. दोघांमध्ये ग्राउंडची एकच वायर आणि सिग्नलची एक. शिट्टी थांबली तर वाट सप्लायची होती. थांबली नाही, तर फिल्टरचा इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा. आता थांबली तर आवाज बाहेरून येतोय, बहुतेक इनपुटची उघडी वायर आउटपुटजवळून गेलीय. तरीही चालूच असेल तर ग्राउंडची मांडणी तपासा, आणि एलएम३८६ च्या पाचव्या पिनवर १० ओम आणि ४७ नॅनोफॅरडची एकापुढे एक जोडी ग्राउंडला आहे ना ते बघा. ती नसेल तर हा आयसी ऐकू न येणाऱ्या वारंवारितेवर डोलतो, गरम होतो, आणि खालच्या आवाजाची पार माती करतो.

व्होल्टेज तपासताना ऑप-अँपची पहिली, सातवी, तिसरी आणि पाचवी पिन साधारण सहा व्होल्टवर हवी (गाळलेल्या सप्लायच्या निम्मं, म्हणून थोडं कमीच). आउटपुट दहा-साडेदहाला किंवा दीडला चिकटलेलं असेल तर आर३ चा डाग सुटलाय किंवा कपॅसिटर गळका आहे. बाजारातला पिवळा स्वस्त मल्टिमीटर स्वतः एक मेगाओमचा भार टाकतो, त्यामुळे बायससाठी १०० किलोओमची जोडी लावली असेल तर सहाऐवजी ५.७ दिसेल. ते मीटरचं देणं आहे, सर्किटचं नाही. आणि या मीटरवर एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची असते, तेव्हा त्याने फिल्टरचा आउटपुट मोजायला जाऊ नका.

मोजायला फोन आणि लॅपटॉप पुरतात. फोनवर व्हाइट नॉइज वाजवा, तो फिल्टरमध्ये घाला, आउटपुट लॅपटॉपवर ऑडॅसिटीत मिनिटभर रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रम काढा. टेकाड कुठे आहे, एक आहे की दोन, लगेच दिसतं. लॅपटॉपचा माइक इनपुट फार नाजूक असतो, म्हणून मध्ये १० किलोओम आणि १०० ओमचा विभाजक घाला. चार्जर काढून ठेवा. लॅपटॉपमधलं आवाज ‘सुधारणारं’ सेटिंगही बंद करा, नाहीतर ते व्हाइट नॉइजलाच गोंगाट समजून कापतं आणि तुम्ही फिल्टरला दोष देत बसता.

फटफट आवाजाचा इलाज थोडा वेगळा. तो काही हर्ट्झचा फेरा असतो आणि तिथे २२० ओमची जोडी विशेष कामाची नाही. एलएम३८६ च्या सहाव्या पिनजवळ ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड, सातव्या पिनला १० मायक्रोफॅरड, आणि सगळ्यात गुणकारी म्हणजे फिल्टर आणि १० किलोओमचा पॉट यांमधला कपॅसिटर १ मायक्रोफॅरडवरून ०.१ वर आणणं. १६० हर्ट्झच्या खालचं सगळं तिथेच गळून पडतं. सीडब्ल्यूला बास हवाय कशाला? तो कपॅसिटर काढून मात्र टाकू नका. एलएम३८६ चं इनपुट ०.४ व्होल्टच्या पलीकडचं सहन करत नाही आणि फिल्टरच्या आउटपुटवर सहा व्होल्ट डीसी उभे आहेत.

शिट्टी नाही, पण सूर भलतीकडेच

टेकाड ७०० ऐवजी ८५० ला किंवा ४०० ला आलं तर कपॅसिटरवरचं शेवटचं अक्षर वाचा. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत ‘१०३ द्या’ (१० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरवरचा छापील आकडा) एवढंच म्हटलं तर हाती काय पडेल सांगता येत नाही. १०३जे म्हणजे पाच टक्के, १०३के म्हणजे दहा, १०३एम म्हणजे वीस. आणि १०३झेड असेल तर उणे वीस ते अधिक ऐंशी टक्के. ती सिरॅमिक चकती बायपासला उत्तम, फिल्टरमध्ये घातली की ७०० चे ३९० होऊ शकतात. पॉलिस्टरचे १०३जे मागा, दहा-बारा घ्या आणि मीटरवर जवळजवळचे चार निवडा.

उरलेला फरक आर२ ने काढायचा. या रचनेत रुंदी आर३ आणि कपॅसिटरवर ठरते, गेन आर३ आणि आर१ वर, त्यामुळे आर२ बदलला तर फक्त मध्य सरकतो. १.५ किलोओमपुढे २ किलोओमचा प्रीसेट लावला की ५८० ते ८८० हर्ट्झ फिरता येतं. दोन्ही पायऱ्या वेगवेगळ्या जुळवा. एकत्र कानाने जुळवायला गेलात तर एक ६७० ला आणि दुसरी ७३० ला बसते आणि माथा सपाट होतो.

बारीक, सलग ‘ऊंऽऽ’

अडॅप्टरवर चालवताना अगदी ७०० च्या जवळ एक मंद सूर ऐकू येतो आणि तो पॉटबरोबर कमी-जास्त होतो. ५० हर्ट्झच्या विजेवरच्या रेक्टिफायरमधून १०० हर्ट्झची लाट येते आणि तिची सातवी पट बरोबर ७०० पडते. फिल्टर आपलं काम चोख करतो आणि तेवढीच निवडून देतो. मध्य ६५० ला नेऊन पाहणारे आहेत, पण तिथून ६०० आणि ७०० दोन्ही पन्नास हर्ट्झवरच आहेत, फार फायदा होत नाही. आर२ बायसला आणि सप्लाय गाळलेला, हाच इलाज इथेही. याउलट घोगरा, खर्जातला गुणगुणाट असेल तर तो फिल्टरमधून आलेलाच नाही. ५० आणि १०० हर्ट्झला फिल्टर वाट देत नाही, म्हणजे तो फिल्टरनंतर शिरलाय. पॉटची वायर शिल्डेड करा आणि पॉटचं धातूचं अंग ग्राउंडला लावा.

पावसाळ्यात ४० मीटरवर विजेच्या प्रत्येक कडकडाटाला फिल्टर ‘टुंग’ करून घुमतो, ते बिघाडाचं लक्षण नाही. अरुंद फिल्टर घुमणारच. क्यू दहा-पंधरावर नेण्याचा मोह होतो, तो आवरा; मोर्स चिकटून येतं आणि कान लवकर थकतात. पाचच्या आतबाहेरच्या दोन पायऱ्या बस. इनपुटला दोन १एन४१४८ डायोड उलटसुलट लावले तर कडकडाट ०.६ व्होल्टला कापला जातो आणि घुमणंही कमी होतं.

मोर्सची की दाबल्यावर स्पीकरमधून भसाड्या आवाजात स्वतःचंच मोर्स येत असेल तर आरएफ (तुमच्याच ट्रान्समीटरची रेडिओ लहर) आत शिरतंय. इनपुटला १ किलोओम एकापुढे आणि १ नॅनोफॅरड ग्राउंडला लावा. ऑडिओला त्याची जाणीवही होत नाही, ७ मेगाहर्ट्झला मात्र तो अवघा २३ ओमचा खड्डा असतो. बोर्ड पत्र्याच्या डब्यात ठेवा, डबा एकाच ठिकाणी ग्राउंडला जोडा. प्लास्टिकच्या डब्यात हे जमत नाही, कितीही फेराइटचे मणी ओवा.

आणि सगळं जुळल्यावर रिगचा सीडब्ल्यू ऑफसेट (ऐकण्याच्या आणि पाठवण्याच्या वारंवारितेतला फरक) किती आहे ते बघून घ्या. फिल्टर ७०० चा आणि ऑफसेट ८०० चा असेल तर समोरचा तुम्हाला स्वच्छ ऐकू येईल, पण तुमचं उत्तर त्याच्यापासून १०० हर्ट्झ बाजूला जाईल. त्याच्याकडेही असाच अरुंद फिल्टर असेल तर तो तुम्हाला ऐकणारच नाही. अशा वेळी प्रीसेट फिरवून फिल्टर ८०० वर न्या. आर२ तिथे १.८ किलोओमच्या आसपास बसतो.